चवदार तळ्याचा ठराव

मुंबई-गोवा महामार्गावरून महाडला उतरलेला माणूस बहुधा रायगडाची वाट धरतो, नाही तर चवदार तळ्याची. तळ्याच्या चारही बाजूंनी रस्ता, पलीकडे घरं. पायऱ्यांवर उभं राहिलं की मला मात्र हटकून नगरपालिकेचं ठरावबुक आठवतं.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केलं. कागदावर! पुढची तीन वर्षं तळ्यावरचा रिवाज होता तसाच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा ते नगरपालिकेने लिहून दिलेलाच हक्क बजावत होते. त्याच दिवशी परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं होताना, नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला.

एकाच संस्थेच्या दप्तरात साडेतीन वर्षांच्या अंतराने होकार आणि माघार. मला यातली माघार जास्त बोलकी वाटते. नुसतं दुर्लक्ष पुरलं असतं, तर रद्द करण्याची गरजच पडली नसती.

डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला: तळं खाजगी आहे, ते स्पृश्यांचंच. खालच्या कोर्टांत ते हरले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही त्यांचं अपील फेटाळलं. तळं नगरपालिकेच्या ताब्यातलं ठरलं, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची प्रथा अनादी काळापासूनची आहे हे वादींना शाबीत करता आलं नाही. अशी प्रथा मुळात न्याय्य असू शकते का, या प्रश्नात न्यायालयाला शिरावंच लागलं नाही. तो प्रश्न विचारला जायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

महाड सावित्रीच्या काठी आहे. पावसाळ्यात पाणी बाजारपेठेत शिरतं. जुलै २०२१ मध्ये तर गाव बुडालं होतं. अशा गावात जुने बस्ते जमिनीपासून किती उंचावर ठेवले आहेत, हे नगरपालिकेला दर मे महिन्यात कुणीतरी विचारायला हवं.