मँडेट रद्द केल्यानंतरही रक्कम कापली गेल्यास : खातेदाराचा हक्क व कार्यपद्धती

खात्यातून ठराविक तारखेस ठराविक रक्कम परस्पर वळती होण्याची सोय आज शहरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक अशा अनेक रकमा याच मार्गाने जातात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवन ज्योती व प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनांचे हप्ते, म्हणजे २०२२ पासून अनुक्रमे ४३६ व २० रुपये, खातेदाराच्या संमतीने वर्षातून एकदा खात्यातूनच वळते होत असल्याने ही पद्धत खेडोपाडीही परिचयाची झाली आहे.

या सोयीचा पाया खातेदाराची संमती हा आहे. दिलेली संमती खातेदारास काढूनही घेता येते. परंतु ती काढून घेतल्यावरही रक्कम कापली गेली, तर काय करावे, याची माहिती फार थोड्यांना असते. बँक कंपनीकडे बोट दाखविते, कंपनी बँकेकडे. आणि निवृत्तिवेतनावर किंवा रोजंदारीवर संसार चालविणारा खातेदार दोन्हीकडे खेटे घालून अखेर गप्प बसतो. वास्तविक या बाबतीत जबाबदारी कोणाची, हे नियमाने निश्चित केलेले आहे.

मँडेट म्हणजे काय?

आपल्या खात्यातून रक्कम वळती करून घेण्यास खातेदार जी लेखी अथवा ऑनलाइन अनुमती देतो, तिला बँकेच्या व्यवहारात ‘मँडेट’ म्हणतात. पूर्वी ही वसुली ‘ई.सी.एस.’ पद्धतीने होत असे. आता ती प्रामुख्याने नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेच्या ‘नॅच’ यंत्रणेमार्फत होते. १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा सुटीच्या दिवशीही चालू असते. म्हणून हप्त्याची तारीख रविवारी आली तरी रक्कम कापली जाऊ शकते.

प्रत्येक मँडेटला ‘यू.एम.आर.एन.’ हा स्वतंत्र संदर्भ क्रमांक असतो. मँडेटमध्ये कमाल रक्कम, वसुली किती काळाने करावयाची आणि मुदत यांचा उल्लेख असतो. मुदतीच्या जागी ‘रद्द करेपर्यंत’ असे लिहिलेले असल्यास खातेदाराने स्वतः कळविल्याखेरीज वसुली थांबत नाही.

कोणास कळवावयाचे?

सर्वाधिक चूक येथेच होते. खातेदार कंपनीच्या प्रतिनिधीस ‘आता हप्ता नको’ असे दूरध्वनीवरून सांगतो आणि काम झाले असे समजतो. परंतु बँकेच्या नोंदीत मँडेट चालूच राहिल्याने पुढच्या महिन्यात रक्कम पुन्हा कापली जाते. अशा वेळी बँकेने नियमभंग केला असे म्हणता येत नाही, आणि परतफेडीची मागणी कंपनीकडेच करावी लागते.

मँडेट रद्द करण्याची सूचना ज्या बँकेत आपले खाते आहे त्या बँकेसच दिली पाहिजे. दिलेल्या धनादेशाचे पैसे देऊ नयेत असे आपण जसे बँकेस कळवितो, तशीच ही सूचना होय. त्यासाठी कंपनीच्या संमतीची वाट पाहावी लागू नये, हे तत्त्व ई.सी.एस.च्या काळापासून मान्य झालेले आहे. कंपनीसही कळवावे, परंतु ते बँकेस कळविण्याऐवजी नव्हे. अर्ज हप्त्याच्या तारखेपूर्वी पुरेसे दिवस आधी द्यावा, त्यात खाते क्रमांक, कंपनीचे नाव व यू.एम.आर.एन. लिहावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह बँकेची पोच घ्यावी. ऑनलाइन रद्द केल्यास मिळालेला संदर्भ क्रमांक जपून ठेवावा.

२०१९ चे परिपत्रक

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेले आणि १५ ऑक्टोबर २०१९ पासून अमलात आलेले परिपत्रक या संदर्भात महत्त्वाचे आहे. अयशस्वी अथवा चुकीचे ठरलेले व्यवहार किती दिवसांत दुरुस्त करावयाचे आणि विलंब झाल्यास किती भरपाई द्यावयाची, हे त्यात ठरवून दिले आहे. ग्राहकाने बँकेकडे मँडेट रद्द केल्यानंतरही खात्यातून रक्कम कापली गेल्यास त्यास ग्राहकाची बँकच जबाबदार राहील, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत प्रश्न सुटला पाहिजे; त्यापुढील विलंबास प्रतिदिनी १०० रुपये भरपाई आहे. भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता बँकेने आपणहून खात्यात जमा करावयाची आहे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका शिक्षकाने २० तारखेस बँकेत अर्ज देऊन मँडेट रद्द केले व पोच घेतली. तरीही पुढील महिन्याच्या ५ तारखेस त्यांच्या खात्यातून १,५०० रुपये कापले गेले. ही रक्कम ६ तारखेपर्यंत परत जमा व्हावयास हवी. ती १६ तारखेस जमा झाली, तर विलंब दहा दिवसांचा होतो आणि १,५०० रुपयांखेरीज १,००० रुपये भरपाई देय होते.

तक्रारीची रीत

प्रथम शाखेकडे लेखी तक्रार करावी. तिच्यासोबत रद्द करण्याच्या अर्जाची पोच आणि कपातीची नोंद असलेले पासबुकाचे पान जोडावे. कपातीमुळे शिल्लक घटून दंड आकारला गेला असल्यास किंवा एखादा धनादेश परत गेला असल्यास तेही नमूद करून त्या आकाराच्या परतीची मागणी करावी. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास, तक्रार फेटाळली गेल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाविलंब दाद मागता येते. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाल्यापासून आपली बँक कोणत्या लोकपालाच्या क्षेत्रात येते, हे शोधण्याची आवश्यकता उरलेली नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदविता येते किंवा टपालाने पाठविता येते. तीस शुल्क नाही. माहितीसाठी १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. ग्रामीण खातेदारांच्या दृष्टीने विशेष म्हणजे १ नोव्हेंबर २०२५ पासून राज्य सहकारी व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

कर्ज मात्र रद्द होत नाही

एक खबरदारी आवश्यक आहे. मँडेट रद्द केल्याने वसुलीचा मार्ग बंद होतो, देणे संपत नाही. कर्जाचा हप्ता दुसऱ्या मार्गाने वेळेवर भरला नाही, तर ती थकबाकीच ठरते. विम्याचा हप्ता चुकल्यास संरक्षण जाऊ शकते. मँडेट रद्द न करता खाते रिकामे ठेवणे हा तर उपायच नव्हे. शिल्लक अपुरी असल्याने वसुली परत गेल्यास दंड लागतो. शिवाय देय रकमेपोटीची अशी वसुली परत जाणे हा, कायद्यातील नोटिशीची मुदत देऊनही पैसे न भरल्यास, २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हाही होऊ शकतो.

गावपातळीवरील साहाय्य

परतफेडीचा सारा आधार एका कागदावर, म्हणजे बँकेची पोच असलेल्या अर्जावर आहे. ज्यास अर्ज लिहिता येत नाही, त्याचा हक्क नेमका याच ठिकाणी बुडतो. अर्जाचा साधा मराठी नमुना ग्रामपंचायत कार्यालयात ठेवणे, पासबुकातील अनोळखी कपातीची नोंद वाचून दाखविणे आणि अर्जदाराच्या हाती पोच आली की नाही याची विचारपूस करणे, एवढे साहाय्य शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व पंचायत सदस्य सहज करू शकतील. पंधराशे रुपयांची रक्कम बँकेच्या हिशेबात लहान असेल. ज्या घरातून ती गेली, तेथे ती महिन्याच्या किराण्याची असते.