पिस्तूल, नेमबाजीचे : अल्पखर्ची कॅलिबरची निवड

लक्ष्यभेदाच्या सरावासाठी व स्पर्धांसाठी वापरण्यात येणारे, एका हाताने धरून झाडावयाचे आखूड नळीचे शस्त्र. अशा शस्त्राच्या निवडीत त्याच्या किमतीपेक्षा काडतुसाचा खर्च अधिक निर्णायक ठरतो. शस्त्र एकदाच विकत घ्यावे लागते. काडतूस प्रत्येक बारास खर्ची पडते. स्पर्धेच्या एका डावातील ६० बार हे प्रमाण धरले, तर आठवड्यातून तीन दिवस सराव करणाऱ्यास ५० आठवड्यांत ९,००० काडतुसे लागतात. स्वस्त शस्त्र व महाग काडतूस ही जोडी त्यामुळे थोड्याच काळात न परवडणारी होते व सराव बंद पडतो. सराव नसलेल्या हातातील शस्त्र नेम तर साधत नाहीच. ते बाळगणाऱ्यास व त्याच्या शेजाऱ्यासही धोक्याचे असते.

कॅलिबर म्हणजे नळीचा अंतर्व्यास. तो इंचाच्या दशांश भागांत किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात. पाश्चात्य पुस्तकांत अल्पखर्ची म्हणून ९ मिमी. कॅलिबरची शिफारस आढळते. अनेक देशांच्या सैन्यांनी व पोलीस दलांनी ते स्वीकारल्यामुळे त्याची काडतुसे प्रचंड प्रमाणावर तयार होतात व म्हणून तेथे स्वस्त मिळतात. भारतात हा सल्ला निरुपयोगी आहे. सैन्याची काडतुसे ज्यांत चालू शकतील अशी ९ मिमी., ०·३८ इंच व ०·४५५ इंच ही कॅलिबरे येथे निषिद्ध वर्गात मोडतात व सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाहीत. उरतात ती मुख्यतः ०·३२ इंच व ०·२२ इंच ही दोन.

यांपैकी ०·३२ ची लोकांत प्रतिष्ठा मोठी आहे. कानपूरच्या शासकीय कारखान्यातील या कॅलिबरचे रिव्हॉल्व्हर अनेक परवानाधारकांच्या घरी असते. परंतु ते बहुधा कपाटातच राहते, कारण त्याच्या काडतुसाची किंमत पाहता मनसोक्त सराव करणे फारच थोड्यांना शक्य होते. शिवाय ‘०·३२’ या एकाच नावाखाली दोन भिन्न काडतुसे येतात. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब व बुडाशी रुंद कड असलेले, तर स्वयंभरण पिस्तुलाचे आखूड असते. एकाचे काडतूस दुसऱ्यात वापरता येत नाही. खरेदीपूर्वी हा भेद विक्रेत्याकडून स्पष्ट करून घ्यावा.

०·२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ मध्ये अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने प्रचारात आणले. याचा स्वस्तपणा त्याच्या रचनेतच आहे. यास स्वतंत्र प्रस्फोटक टोपी नसते; पितळी पुंगळीच्या बुडाची दुमडलेली कड पोकळ असून प्रस्फोटक द्रव्य तीतच भरलेले असते व आघातक या कडेवरच आदळतो. शिशाची गोळी सु. २·६ ग्रॅ. वजनाची असते, ०·३२ च्या रिव्हॉल्व्हरची गोळी सु. ६·४ ग्रॅ. भरते. धातू कमी, दारू चिमूटभर आणि उत्पादन स्वयंचलित यंत्रांवर असल्याने खर्च कमी येतो. शक्ती कमी असल्यामुळे पिस्तुलाची यंत्रणाही साधी ठेवता येते. धक्का सौम्य असल्याने नवशिक्यास बार होताच डोळे मिटण्याची किंवा मनगट झटकण्याची खोड लागत नाही. खर्चाच्या हिशेबात हा लाभ सहसा धरला जात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तो सर्वांत मोठा आहे.

अल्पखर्ची कॅलिबर म्हणजे दुय्यम दर्जाचे, असे मात्र नाही. ऑलिंपिकमधील २५ मी. अंतराचे पिस्तूल प्रकार ०·२२ (५·६ मिमी.) कॅलिबरचेच आहेत. विजय कुमार यांनी २०१२ मध्ये लंडन येथे रौप्यपदक व कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले, ते याच कॅलिबरच्या प्रकारांत.

याहूनही कमी खर्चाचे साधन म्हणजे ४·५ मिमी. कॅलिबरचे हवाई पिस्तूल. त्यात दारू नसते. दाबलेल्या हवेने सु. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा फेकला जातो. १० मी. अंतर पुरत असल्याने बंदिस्त जागेतही सराव करता येतो. पालघर जिल्ह्याच्या जव्हार-मोखाडा भागातील वांगणीसारख्या गावी एखाद्या लांब खोलीत, भक्कम भिंत व छर्रे अडविणारी पेटी यांची सोय केल्यास, तो शक्य आहे. ०·२२ च्या सरावासाठी मात्र मान्यताप्राप्त नेमबाजी केंद्रच हवे. त्यासाठी वरळी (मुंबई) किंवा बालेवाडी (पुणे) गाठावे लागते. म्हणजे येथील नेमबाजाच्या हिशेबात काडतुसाच्या जोडीला प्रवासभाडेही येते. शस्त्रनियम, २०१६ अन्वये ४·५ मिमी. पर्यंतचे व २० जूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेले हवाई शस्त्र बाळगण्यास परवाना लागत नाही. इतर पिस्तुलांसाठी शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवाना घ्यावा लागतो. ग्रामीण भागात तो जिल्हा दंडाधिकारी देतात. किती काडतुसे घेता येतील, हेही परवान्यातच नमूद असते.

प्रत्यक्ष शस्त्र निवडताना मुठीचा आकार प्रथम पाहावा. मूठ तळहातात घट्ट बसून तर्जनी चापापर्यंत सरळ, ताण न पडता पोहोचली पाहिजे. स्पर्धानियमांनुसार चापाचा ओढ हवाई पिस्तुलास किमान ५०० ग्रॅ. व २५ मी. च्या ०·२२ पिस्तुलास किमान १,००० ग्रॅ. असावा लागतो. ईशापूर येथील रायफल कारखान्याने ‘निडर’ हे सु. २५० ग्रॅ. वजनाचे ०·२२ रिव्हॉल्व्हर बनविले. ते खिशात बाळगण्यासाठी आहे, आखूड नळीमुळे लक्ष्यभेदास सोयीचे नाही. कॅलिबर स्वस्त म्हणून कोणतेही शस्त्र चालेल, असे समजू नये. शक्य तर प्रथम संस्थेच्या पिस्तुलावर काही महिने काढावेत. ०·२२ ची पिस्तुले काडतुसांच्या बाबतीत चोखंदळ असतात. एका बनावटीचे काडतूस एका पिस्तुलात सुरळीत चालते, तर दुसऱ्यात अडकते. म्हणून दोन-तीन बनावटींची काडतुसे वापरून पाहून मगच साठा करावा.

बिनखर्ची सराव म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून नेम स्थिर ठेवण्याचा अभ्यास. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून व नळी रिकामी असल्याची खात्री करूनच तो करावा. ०·२२ मध्ये आघातक कोठीच्या काठावर आदळून तो काठ चेपतो; यासाठी कोठीत प्लॅस्टिकचे नकली काडतूस घालावे. गोळ्या व छर्रे शिशाचे असल्यामुळे खऱ्या सरावानंतर काही खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.