आर्थिक सांख्यिकी, शासकीय : भारतातील आधुनिकीकरण

देशातील उत्पादन, उत्पन्न, उपभोग, किंमती, रोजगार व व्यापार यांसंबंधी शासनाने ठराविक पद्धतीने गोळा करून प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीस शासकीय आर्थिक सांख्यिकी असे म्हणतात. तिच्या आधुनिकीकरणाचा विचार सामान्यतः नवे पायाभूत वर्ष, संगणकीकरण व संयुक्त राष्ट्रांची राष्ट्रीय लेखापद्धती यांच्या अनुषंगाने केला जातो. भारतात मात्र या आकड्यांची विश्वसनीयता मुख्यतः गावपातळीवरील पहिल्या नोंदीवर अवलंबून असून, गणनपद्धतीत जेवढी सुधारणा झाली तेवढी या नोंदीत झालेली नाही.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील शहागड हे गोदावरीकाठचे गाव या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. तेथील शेतांत कोणते पीक किती क्षेत्रावर उभे आहे, याची नोंद परंपरेने तलाठ्याच्या (पुढे या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे झाले) गाव नमुना क्रमांक १२ मध्ये होत आली. ‘सात-बारा’ या परिचित उताऱ्याचा हा उत्तरार्ध होय. गावचा गोषवारा तालुक्याकडे, तालुक्याचा जिल्ह्याकडे व तेथून राज्याकडे जातो. क्षेत्रास दर हेक्टरी उत्पादनाने व पुढे किंमतीने गुणले आणि बी-बियाणे, खते इत्यादींचा खर्च वजा केला, म्हणजे शेतीचे मूल्यवर्धन मिळते. सोलापूर-धुळे महामार्ग याच गावाजवळ गोदावरी ओलांडतो. अशा महामार्गाच्या कडेला चालणारी चहाची हॉटेले, पंक्चर काढण्याची दुकाने, दुरुस्तीची गॅरेजे व मालवाहतूक यांतूनही उत्पन्न निर्माण होते. परंतु त्यांच्यासाठी सात-बाऱ्यासारखे दप्तर नाही. एकाच गावाच्या उत्पन्नाचा एक भाग शंभराहून अधिक वर्षांच्या महसुली परंपरेने मोजला जातो, तर दुसरा बव्हंशी अनुमानाने ठरविला जातो.

महसुली दप्तर सांख्यिकीसाठी निर्माण झालेले नव्हते. सारा आकारणे हा त्याचा हेतू होता. शहागडचा परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये मराठवाड्याबरोबर द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील काही तालुके व परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका मिळून झाला. सीमा बदलल्या की आकड्यांची मालिका खंडित होते. जालन्याची १९८१ पूर्वीची तुलना करू पाहणाऱ्यास जुन्या जिल्ह्यांचे तालुकावार आकडे जुळवीत बसावे लागते.

पिकांचे उत्पादन : जुन्या पद्धतीत दर एकरी उत्पादन नजरअंदाजाने ठरे. ‘सर्वसाधारण’ पीक किती आणे धरावयाचे हे आधीच ठरलेले असे व त्या मानाने चालू पीक किती आणे आहे, हे महसुली कर्मचारी सांगत. यालाच आणेवारी, नाणेपद्धती बदलल्यावर पैसेवारी, असे नाव मिळाले. ज्या आकड्यावरून साऱ्याची सूट मिळावयाची, तोच आकडा उत्पादनाच्या अंदाजासाठी वापरला जाई, त्यामुळे त्याचा कल सामान्यतः कमी बाजूकडे राही.

हा दोष दूर करण्याचे श्रेय बव्हंशी दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांकडे जाते. सातारा जिल्ह्यातील बुध येथील पां. वा. सुखात्मे (जन्म १९११) व वि. गो. पानसे यांनी १९४० नंतरच्या दशकात यादृच्छिक नमुन्याने गावे, गावातून शेते व शेतातून लहान तुकडा निवडून प्रत्यक्ष पीक कापून व तोलून पाहण्याची पद्धत रूढ केली. तीस पीक कापणी प्रयोग म्हणतात. तुकड्याच्या आकाराविषयी प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी त्यांचा झालेला वाद प्रसिद्ध आहे. बंगालमधील पाहणीत महालनोबीसांनी अगदी लहान तुकडे वापरले होते. तुकडा जितका लहान, तितके त्याच्या कडेवरील रोपांचे प्रमाण अधिक, आणि कडेवरचे रोप आत धरण्याकडे कापणाऱ्याचा हात वळत असल्याने उत्पादन फुगते, असे सुखात्मे यांनी दाखविले. पुढे बहुतेक पिकांसाठी १० मी. × ५ मी. हा तुकडा प्रमाण मानला गेला. हा तुकडा हेक्टरचा दोनशेवा भाग होय. म्हणजे एका किलोग्रॅमची चूक हेक्टरी २०० किग्रॅ. होऊन बसते. पीक विम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरू लागल्यापासून या तुकड्यावर शेतकरी, विमा कंपनी व शासन अशा तिघांचेही डोळे लागलेले असतात. साऱ्याच्या काळात दप्तरावर जो दाब होता, तो अशा रीतीने नव्या रूपात परत आला आहे.

क्षेत्राच्या नोंदीचा इतिहास याहून कमी समाधानकारक आहे. तलाठ्याकडे वसुली, फेरफार, निवडणूक, दाखले यांची कामे वाढत गेली व पीक पाहणी पुष्कळदा शेतावर न जाता होऊ लागली. कापसात तूर असे मिश्र पीक असल्यास कोणते क्षेत्र कोणाच्या नावे लावावयाचे, हा प्रश्न तर निराळाच. यावर उपाय म्हणून दरवर्षी २० टक्के गावे निवडून त्यांतील पाहणी वेळेवर पूर्ण करण्याची योजना १९६८-६९ पासून अनेक राज्यांत सुरू झाली. तथापि तेथेही शिथिलता आली. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू केली. तीत शेतकरी स्वतःच गट क्रमांकावर जाऊन भ्रमणध्वनीवरून पिकाची नोंद व छायाचित्र पाठवितो. नोंदीच्या वेळेत व तपासणीच्या सोयीत तिने खरा फरक पडला. मात्र जे शेतकरी नोंद करू शकत नाहीत त्यांच्या क्षेत्रासाठी गावपातळीवरील माणसाची गरज राहतेच, आणि पीक कर्ज, विमा वा शासकीय खरेदी यांसाठी लाभ देणारी नोंद ही पूर्णतः तटस्थ नोंद समजता येत नाही.

राष्ट्रीय उत्पन्न व नमुना पाहणी : भारताच्या उत्पन्नाचा पहिला परिचित अंदाज दादाभाई नवरोजी यांचा. १८६७-६८ च्या सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न २० रु. असल्याचे त्यांनी दाखविले. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९३१-३२ साठी अधिक शास्त्रशुद्ध अंदाज केला. स्वातंत्र्यानंतर ऑगस्ट १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीवर महालनोबीस अध्यक्ष, तर राव व पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ सदस्य होते. १९५१ च्या पहिल्या अहवालात तिने १९४८-४९ चे राष्ट्रीय उत्पन्न सु. ८,७१० कोटी रु. धरले. जेथे नोंदीच नाहीत तेथे काय करावयाचे, या प्रश्नातून १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी जन्मास आली [⟶ नमुना पाहणी]. पहिल्या फेरीच्या पुणे अनुसूचींवरील गोखले संस्थेचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. शासकीय पाहणीची बाहेरच्या संस्थेने अशी छाननी करणे ही त्या काळची निकोप प्रथा होती. ती पुढे क्षीण झाली.

या पाहणीच्या आकड्यांतूनच वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचे मापन केले. १९६०-६१ च्या किंमतींनुसार ग्रामीण भागात दरमहा दरडोई १५ रु. व नागरी भागात २२·५० रु. उपभोग खर्च ही त्यांची किमान पातळी होती. प्रश्न कसा विचारला जातो यावर उत्तर किती बदलते, याचे उदाहरण १९९९-२००० च्या फेरीत मिळाले. खाद्यपदार्थांवरील खर्च त्याच कुटुंबास मागील ७ दिवसांसाठी व मागील ३० दिवसांसाठी असा दोन्ही प्रकारे विचारण्यात आला. एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली आणि आधीच्या फेऱ्यांशी तुलना करणे कठीण होऊन दारिद्र्य किती घटले याविषयी दीर्घ वाद झाला.

प्रत्यक्ष निधिवाटपावर सांख्यिकीचा किती परिणाम होतो, हे दांडेकरांच्याच अध्यक्षतेखालील प्रादेशिक असमतोलविषयक सत्यशोधन समितीने (१९८३-८४) महाराष्ट्रापुरते दाखविले. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य इ. नऊ क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा प्रत्येक जिल्हा किती मागे आहे, हे मोजून तिने सु. ३,१८७ कोटी रु.चा अनुशेष काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा सु. २४ टक्के होता. अनुशेषाच्या संकल्पनेविषयी मतभेद राहिले, परंतु जिल्हानिहाय आकडे नसतील तर असा वाद मांडताही येत नाही.

सुधारणा आणि स्वायत्तता : जानेवारी २००० मध्ये सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २००१ मध्ये सादर केलेल्या अहवालात प्रशासकीय नोंदींचा ऱ्हास हे मुख्य दुखणे म्हणून नोंदविले आणि सांख्यिकीवर देखरेख करणारा स्थायी आयोग सुचविला. तो २००६ मध्ये अस्तित्वात आला. सुरेश तेंडुलकर हे त्याचे पहिले अध्यक्ष होत. त्यास कायद्याचे अधिष्ठान मात्र मिळाले नाही, आणि त्याची उणीव लवकरच जाणवली. रोजगाराच्या २०१७-१८ च्या पाहणीचा अहवाल रोखल्याच्या निषेधार्थ जानेवारी २०१९ मध्ये आयोगाच्या कार्यकारी अध्यक्षांनी व एका सदस्यांनी राजीनामे दिले. अहवाल त्याच वर्षी मे महिन्यात प्रसिद्ध झाला. बेकारीचा दर त्यात ६·१ टक्के होता. २०१७-१८ च्या उपभोग खर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष नोव्हेंबर २०१९ मध्ये अप्रसिद्ध ठेवण्याचे ठरले. परिणामी २०११-१२ नंतर २०२२-२३ पर्यंत उपभोगाविषयी सर्वमान्य आकडा नव्हता. याच काळात भाववाढीचा निर्देशांक मात्र २०१२ च्या पायावर, म्हणजे जुन्याच खर्चाच्या भारांकांवर काढला जात होता.

राष्ट्रीय लेख्यांची २०११-१२ या पायाभूत वर्षाची मालिका जानेवारी २०१५ मध्ये आली. कंपन्यांनी सरकारकडे सादर केलेले ताळेबंद तीत मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. २०१३-१४ चा वृद्धिदर जुन्या मालिकेत ४·७ टक्के, तर नव्या मालिकेत बाजारभावांनुसार ६·९ टक्के निघाला. व्याख्या बदलल्याने दोन्ही आकडे नेमके समतुल्य नव्हेत, तरी तफावत मोठी होती. संघटित क्षेत्राची मोजणी या बदलाने सुधारली. असंघटित क्षेत्राचा वार्षिक अंदाज मात्र पुष्कळदा जुन्या पाहणीस संघटित क्षेत्राच्या वाढीचे गुणक लावून केला जाई. नोटाबंदी (२०१६) व करोनाची टाळेबंदी (२०२०) यांसारख्या आघातांत लहान दुकानदार बुडतो व मोठा तरतो. अशा वेळी मोठ्याच्या गतीवरून लहानाची गती काढणे सदोष ठरते. शहागडसारख्या रस्त्याकाठच्या गावातील व्यवसायांचा आकडा येथेच निसटतो. असंघटित उद्योगांची पाहणी २०२१-२२ पासून नियमित होऊ लागली, हा या संदर्भातील सर्वांत उपयुक्त बदल होय. पुढील मालिकेसाठी २०२२-२३ हे पायाभूत वर्ष निवडण्यात आले.

जिल्हा उत्पन्नाचे आकडे दीर्घकाळ राज्याचा आकडा कामगारसंख्येसारख्या निर्देशकांनी जिल्ह्यांत वाटून काढले गेले. जालन्याचे उत्पन्न म्हणून जे छापले जाई, त्यातील शेतीबाहेरचा बराच भाग असा वाटणीचा होता. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीत जिल्हा हा नमुन्याचा मूळ स्तर धरण्यात येऊ लागला. नमुन्यासाठी गावांची यादी मात्र जनगणनेतूनच घ्यावी लागते. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने ही यादी २०११ चीच राहिली, आणि नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरविण्यात आली.