ठासणीच्या बंदुकीवरचे नाव कोणाचे?
जुन्या मालाचे व्यापारी आणि दुरुस्ती कारागीर यांच्यासाठी उपयुक्त माहिती

जुन्या वस्तूंच्या धंद्यात आपल्या समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुंबईच्या चोर बाजारातील मटन स्ट्रीट तर याच मालासाठी ओळखली जाते. वाडे मोडतात, घरांच्या वाटण्या होतात, आणि भांडी, घड्याळे, झुंबरे यांच्याबरोबर एखादी ठासणीची बंदूकही बाजारात येते. विकणारा छातीठोकपणे सांगतो, "टॉवर कंपनीची आहे." घेणाराही तेच नाव पुढच्या गिऱ्हाइकाला सांगतो.

खरी गोष्ट अशी की टॉवर नावाची बंदूक बनवणारी कंपनी नव्हतीच. लंडनच्या टॉवर किल्ल्यात इंग्रज सरकारचे शस्त्रभांडार होते. सरकारी मालावर तेथील नाव पडत असे, आणि पुढे खासगी कारखानदारही ते नाव घालू लागले. म्हणजे बाहेर दिसणाऱ्या नावावरून कारागीर ठरवला तर पहिल्याच पायरीवर चूक होते.

आधी बार तपासा

नाव वाचण्यापूर्वी एक काम जिवाशी गाठ असलेले आहे. ठासणीच्या जुन्या बंदुका पुष्कळदा भरलेल्याच सापडतात. काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेट घेते. लाकडी काठी नळीच्या तोंडातून आत थेट टेकेपर्यंत घालावी, तोंडाशी काठीवर खूण करावी, आणि काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहावी. काठीचे टोक कानापाशी, म्हणजे टोपी बसते त्या जागेपाशी, पोचले तर नळी रिकामी. ते दोनतीन इंच अलीकडेच राहिले तर आत बार असण्याचा संभव आहे. अशा नळीला आच, वेल्डिंग किंवा ड्रिल लावू नये. परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडेच ते काम द्यावे.

एनफिल्डचे उदाहरण

आपल्याकडे सर्वांत जास्त नाव घेतले जाते ते 1853 च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीचे. 1857 च्या काडतुसांच्या वादामुळे हे नाव घराघरांत पोचले. नळी 39 इंचांची, तिचे तोंड 0.577 इंच, आत तीन आटे, आणि नळी दस्त्याला बांधणारी तीन कडी, ही तिची ओळख.

परंतु एनफिल्ड हे नमुन्याचे नाव आहे. त्या नमुन्याच्या सर्व बंदुका एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या नाहीत. तेथे अमेरिकेहून आणलेल्या यंत्रांवर काम होई आणि एका बंदुकीचा भाग दुसरीला बसे. पण फार मोठा माल बर्मिंगहॅम आणि लंडनच्या खासगी कारखानदारांनी पुरवला. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी तो विकत घेतला.

बर्मिंगहॅमचा धंदा आपल्या कारागिरांना सहज समजेल. एकाच छपराखाली पूर्ण बंदूक क्वचितच होई. नळी घडवणारा एक, ती आतून कोरणारा दुसरा, घोड्याची कळ कानसेने घासणारा तिसरा, अक्रोडाचा दस्ता बसवणारा चौथा. भाग एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जात. शेवटी सर्व जुळवून माल देणाऱ्या ठेकेदाराचे किंवा विक्रेत्याचे नाव वर येई. मुरादाबादचे पितळकाम किंवा भिवंडीचा कपडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही रीत नवी नाही. ज्याचे नाव पेटीवर, त्याचेच हात मालाला लागलेले असतात असे नाही.

कोठे काय पाहावे

घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसतो ती लॉकप्लेट. तिच्यावर "एनफिल्ड" व साल असेल आणि मुकुटाखाली "व्ही. आर." ही अक्षरे असतील तर सरकारी कारखान्याचा माल समजण्यास आधार मिळतो. "टॉवर" व साल आहे, मुकुट आहे, पण खाली अक्षरे नाहीत, तर बहुधा खासगी बाजारासाठी केलेला माल. "बार्नेट, लंडन" अशी नावेही सापडतात.

नळीच्या मागच्या बाजूला परीक्षेचे ठसे असतात. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह 1813 च्या कायद्याने सुरू झाले. मुकुटाखाली एकमेकांवर आडवे राजदंड आणि "बी. पी. सी." ही अक्षरे तेथील खूण. खासगी एनफिल्डवर जवळच "25" हा आकडा दिसतो. तो नळीच्या मापाचा आहे. अनेक जण त्याला साल किंवा क्रमांक समजतात.

खरा कारागीर मात्र आत लपलेला असतो. नळीच्या पोटाखाली, लॉकप्लेटच्या आतल्या अंगाला, दस्त्यात गजाच्या खोबणीत नावे किंवा आद्याक्षरे ठोकलेली असतात. हॉलिस अँड शीथ, टिपिंग अँड लॉडेन अशी बर्मिंगहॅमच्या ठेकेदारांची नावे या मालावर मिळतात. हाताने जुळवलेल्या बंदुकीत पेचांवर आणि भागांवर कानसेच्या बारीक रेघाही असतात. एका बंदुकीच्या सर्व भागांवर सारख्याच रेघा असतील तर ते भाग मुळापासून एकत्र आहेत. कळीवर तीन रेघा आणि कड्यांच्या पेचांवर पाच, तर भाग बदललेले आहेत.

पेच उघडताना खाचेत नेमका बसणारा पेचकस वापरावा. पॉलिश कागद मुळीच लावू नये. गंज गोड्या तेलाने मऊ करून सुती कापडाने पुसावा, ठशावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवावी. चकाकीसाठी घासलेली नळी म्हणजे पुसून टाकलेली सही. असा माल जाणकार गिऱ्हाईक पडत्या भावानेच मागतो.

खोटा माल

नकली माल बनवणारे सालात हमखास अडकतात. व्हिक्टोरिया राणी 1837 साली गादीवर आली. "व्ही. आर." अक्षरांसोबत 1810 साल असेल तर तो ठसा खोटा. ईस्ट इंडिया कंपनीचा सिंह तिच्या बंदुकांवर 1808 च्या सुमारास आला, आणि 1858 साली कंपनीचे राज्य संपले. सिंहाखाली 1870 हे साल असेल तर शंका घ्यावीच.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. नळीत आटे नाहीत म्हणून बंदूक नकली ठरत नाही. 1857 नंतर देशी पलटणींना याच धर्तीच्या, पण आटे नसलेल्या नळीच्या बंदुका दिल्या गेल्या. देवनागरी अक्षरे दिसली म्हणून घाईने निकाल देऊ नये. नेपाळातही या नमुन्याच्या बंदुका बनल्या आहेत.

मोठ्या नावाची चोरी जुनीच आहे. इटलीच्या ब्रेशा भागातील लाझारिनो कोमिनाझो हे नाव नळ्यांसाठी इतके गाजले की परक्या कारागिरांनी ते आपल्या मालावर कोरले, कधी चुकीच्या अक्षरांत. तलवारींवर इस्फहानच्या असदुल्लाचे नावही असेच घातले गेले.

फारसी लेख

येथे उर्दू वाचणाऱ्या बंधूंना एक सोय आहे. देशी व इराणी हत्यारांवर "अमल" हा शब्द आला तर त्यापुढचे नाव कारागिराचे. "सरकार" आले तर ते बहुधा मालकाचे. टिपू सुलतानच्या कारखान्यातील बंदुकांवर वाघाचे पट्टे, गावाचे नाव "पटन" म्हणजे श्रीरंगपट्टण, आणि मौलूदी साल असते. ते साल हिजरी समजून हिशेब केला तर वर्षे चुकतात. बिकानेरसारख्या संस्थानी शस्त्रागारांनी ठिपक्यांनी कोरलेले लेख हे साठ्याच्या नोंदीचे आहेत, कारागिराचे नाव म्हणून ते वाचू नयेत.

कायद्याची बाजू

"जुनी आहे, परवाना लागत नाही" हा समज अनेकांना अडचणीत आणतो. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मधील सूट जुनाट किंवा मोडक्या हत्याराला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही अशा स्थितीत असले पाहिजे. चालणारी ठासणीची बंदूक परवान्याशिवाय ठेवता येत नाही. व्यवहारापूर्वी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्यावे. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो. नवी नक्कल निर्यात करायची तर ती पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घ्यावा.

पावतीवर काय लिहावे

जे पाहिले तेच लिहावे. "1853 नमुना, लॉकप्लेटवर टॉवर 1862, बर्मिंगहॅमचे परीक्षा ठसे, नळीखाली अमुक आद्याक्षरे, गज नवा." एवढे लिहिले तर मालाची किंमत पटते आणि पुढे तक्रार राहत नाही. नक्कल असेल तर नक्कल म्हणूनच विकावी. चांगल्या नकलेलाही गिऱ्हाईक आहे. मालातला दोष झाकून विकणे आपल्या दीनने मना केले आहे, आणि खोटे नाव कोरणे हा त्याहून मोठा दोष.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनीही नवा दस्ता किंवा नवा पेच बसवला तर आत, न दिसणाऱ्या जागी, आपली खूण आणि साल ठोकावे. बर्मिंगहॅमच्या त्या कानसवाल्यांची नावे दुकानाच्या पाटीवर कधी आली नाहीत. आज दीडशे वर्षांनंतर त्यांचा पत्ता लागतो तो नळीच्या पोटाखालच्या दोन अक्षरांमुळेच.