आधी कागद, मग घर

"ताई, तुम्ही म्हणाल तिथे सही करते," मावशी म्हणाल्या. शिवणकाम करून साठवलेले पैसे त्यांनी प्लॉटसाठी काढले होते. मी एजंट. व्यवहार झाला असता तर लेकीच्या कॉलेजची फी सुटणार होती.

आदल्या रात्री ताजा सातबारा हाती आला. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा! मालक म्हणाला, "फेडतोच आहे हो, त्यांना कशाला सांगता?" खरं सांगते, क्षणभर मन डळमळलं. पण सकाळी मावशींपुढे कागद ठेवलाच. व्यवहार मोडला. फीसाठी माझी बांगडी गहाण पडली.

मैत्रिणींनो, एजंट कितीही गोड बोलो, सातबारा आणि एनए आदेश स्वतः बघा. नव्या प्रकल्पात फ्लॅट घेताना महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा, एजंटचासुद्धा! २०१६च्या रेरा कायद्यानुसार, करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

परवा मावशी पुन्हा आल्या, धाकट्या बहिणीला घेऊन. "हिलाही घर बघायचंय. पण आधी कागद दाखवा हं!"

बांगडी अजून सोडवायचीय. पण त्या दिवशी चहा फार गोड लागला.