घर बदललं, एसी तोच राहिला

आदिलाबादचं हवामान दोन्ही टोकांचं. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे धावतो, आणि थंडीत पहाटे एक आकडी तापमान असतं. पावसाळ्यात मधूनमधून असा घामट उकाडा होतो की अंगातला सदरा अंगालाच चिकटतो. आमचे तेलुगू शेजारी त्याला ‘उक्कपोत’ म्हणतात.

मागच्या जुलैत हैदराबादहून घरी गेलो, तर आई-बाबांची एकच तक्रार होती. खोली गार होते, पण झोप लागत नाही. अंथरूण दमट लागतं, एसी सारखा चालू-बंद होतो आणि दर वेळी ट्यूबलाइट क्षणभर मंद होते. मेकॅनिकने कॉम्प्रेसर बदलायला सांगितलं होतं, आणि बाबा पैसे द्यायलाही तयार होते. मी दोन दिवस थांबायला सांगितलं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात कोडला हात लावण्याआधी लॉग बघतात. जुन्या एसीला कसला लॉग! मग वही-पेन्सिल घेऊन बसलो. रात्री दहा ते बारा, बाबा घड्याळ बघून वेळ सांगत होते, मी लिहीत होतो. कॉम्प्रेसर चार मिनिटं चालू, सात-आठ मिनिटं बंद. तासाला पाच वेळा.

नेहमीचे संशयित एकेक करून तपासले. फिल्टर स्वच्छ होता. बाहेरच्या युनिटसमोर अडगळ नव्हती. स्टॅबिलायझरवर व्होल्टेज स्थिर होतं. गॅसचं प्रेशर मेकॅनिकने तपासलेलंच होतं. खोलीत थर्मामीटर ठेवला, तर रिमोटवर लावलेल्या तापमानालाच कॉम्प्रेसर बंद पडत होता. म्हणजे यंत्र आजारी नव्हतंच. त्याचं काम फार लवकर संपत होतं.

खरं कारण डोक्यावर होतं. १२ बाय १० च्या या खोलीत दोन टनांचा एसी बसला तेव्हा वर उघडा स्लॅब होता, दिवसभर तापून रात्रभर उष्णता सोडणारा. चार वर्षांपूर्वी वरचा मजला झाला आणि स्लॅबवर सावली आली. खोलीची गरज घटली, एसी मात्र दोन टनांचाच राहिला.

इथला ‘टन’ यंत्राच्या वजनाचा नाही. साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढण्याची क्षमता म्हणजे एक टन, सुमारे साडेतीन किलोवॉट. दोन टन म्हणजे सात किलोवॉट. वहीतल्या नोंदीनुसार एसी जेमतेम एक तृतीयांश वेळ चालत होता, म्हणजे खोलीला लागत होते अडीच किलोवॉटच्या आसपास.

मग मोठा एसी असला तर बिघडलं काय? हवेतला दमटपणा थंड कॉइलवर पाणी होऊन निथळतो, पण त्यासाठी कॉइल बराच वेळ थंड राहावी लागते. चार मिनिटांत कॉइल नुसती ओली होते. कॉम्प्रेसर थांबतो, आतला पंखा फिरतच राहतो आणि तेच पाणी पुन्हा खोलीत येतं. शिवाय इन्व्हर्टर नसलेला कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. म्हणून ट्यूबलाइट मंद व्हायची. प्रत्येक सुरुवातीला मोटर झिजते ती वेगळीच.

आधी बिनखर्चाचे उपाय केले. शेजारच्या छोट्या खोलीचं दार उघडं ठेवलं, एसीच्या पंख्याचा वेग कमी केला. कॉम्प्रेसर जास्त वेळ चालू लागला आणि दमटपणा थोडा घटला. दिवाळीत कायमचा उपाय केला. जुना एसी मोठ्या हॉलमध्ये हलवला आणि आई-बाबांच्या खोलीत एक टनाचा इन्व्हर्टर एसी बसवला. तो गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. या पावसाळ्यात पाइपखाली बादली ठेवून बघितली. आधी रात्रभरात तांब्याभरही पाणी जमत नसे, आता अर्धी बादली जमते. आईला झोप लागते. हॉलमधला जुना कॉम्प्रेसर अजून ठणठणीत आहे.

हीच गोष्ट थंड देशांत उलट्या बाजूने घडते. ब्रिटनमध्ये पुष्कळ घरांत एकच गॅस बॉयलर अंघोळीचं पाणी तापवतो आणि घरही. शॉवरच्या हिशोबाने तो २४ ते ३० किलोवॉटचा घेतात, पण सौम्य थंडीत घराला मोजकेच किलोवॉट पुरतात. मग बर्नर पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. तिथे नवा बॉयलर घेण्याआधी जाणकाराकडून हीटिंगची कमाल क्षमता सेटिंगमध्ये कमी करून घेता येते आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान उतरवता येतं.

तुमच्या आई-बाबांच्या घरीही जुना एसी असेल, तर पुढच्या खेपेला एक तास काढा. कॉम्प्रेसर कधी सुरू झाला, कधी थांबला, हे लिहून काढा. एसी बसवल्यानंतर घरात काय बदललं ते विचारा: वर मजला चढला का, खिडकीवर छज्जा आला का, खोलीत झोपणारी माणसं कमी झाली का? ही नोंद मेकॅनिकपुढे ठेवा आणि मगच कॉम्प्रेसरचं बोला.