स्पॅनिश आडनावाची घडण आणि त्याचा इंग्रजीतील वापर

विशेषनामाचे भाषांतर करावयाचे नसते, ते जसेच्या तसे उचलावयाचे असते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु नावालाही स्वतःचे व्याकरण असते. परभाषेत जाताना नावातील अक्षरे टिकतात. त्यांतील नाते टिकेलच असे नाही. इंग्रजीत गेलेले स्पॅनिश आडनाव हे याचे बोलके उदाहरण होय.

स्पॅनिश व्यक्तीस सामान्यतः दोन आडनावे असतात. त्यांपैकी पहिले पित्याच्या पहिल्या आडनावावरून, तर दुसरे मातेच्या पहिल्या आडनावावरून येते. कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिआ मार्केस यांचे वडील गार्सिआ, तर आई मार्केस. विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही. स्पेनमध्ये 1999 च्या कायद्याने हा क्रम परस्परसंमतीने बदलण्याची मुभा मातापित्यांना दिली, आणि 2011 च्या नागरी नोंदणी कायद्याने पितृनामाचा आपोआप मिळणारा अग्रमान काढून घेतला. ही तरतूद 2017 पासून अमलात आली. तथापि, क्रम कोणताही असो, मुख्य आडनाव ते पहिलेच. म्हणून या लेखकाचा उल्लेख ‘गार्सिआ मार्केस’ असा करणे योग्य, आणि सूचीत त्याची नोंद ‘ग’ या अक्षराखाली व्हावयास हवी.

यांतील पुष्कळ आडनावे मुळात पितृनामवाचक आहेत. ‘-एस’ असा उच्चारला जाणारा प्रत्यय ‘अमक्याचा पुत्र’ हा अर्थ दाखवितो. फेर्नांदोचा तो फेर्नांदेस, सांचोचा तो सांचेस, रोद्रीगोचा तो रोद्रीगेस. अकराव्या शतकातील ‘एल सिद’ या नावाने प्रसिद्ध असलेला योद्धा रोद्रीगो दीआस हा दिएगो लाइनेसचा पुत्र, आणि हा दिएगो लाइनचा पुत्र. म्हणजे त्या काळी हे पद पिढीगणिक बदलत असे. मराठी नावातील मधल्या पदाचे जे कार्य आहे, तेच त्याचे होते. पुढे ते गोठून वंशपरंपरागत आडनाव झाले. गोव्यात रुळलेली फर्नांडिस, रॉड्रिग्स ही आडनावे त्याच प्रत्ययाच्या पोर्तुगीज भावंडाची होत. मात्र पोर्तुगीज रीतीत मातेचे आडनाव आधी व पित्याचे शेवटी येते. त्यामुळे ‘शेवटचे पद हेच मुख्य आडनाव’ हा नियम तेथे बहुधा चालतो, स्पॅनिशमध्ये चालत नाही.

इंग्रजीची अडचण नेमकी येथेच आहे. इंग्रजी वाचक शेवटच्या पदास आडनाव मानतो आणि मधले पद गौण समजतो. 1906 चे नोबेल पारितोषिक गोल्जी यांच्यासह मिळविणारे मज्जातंतुशास्त्रज्ञ सान्तिआगो रामोन इ काखाल यांचे पितृनाम ‘रामोन’, मातृनाम ‘काखाल’. मधला ‘इ’ म्हणजे ‘आणि’. ‘रामोन’ हे व्यक्तिनामही असल्याने घोटाळा अधिकच सुलभ झाला. इंग्रजी वैद्यकीय ग्रंथांत ते केवळ ‘काहाल’ आहेत. आतड्यातील विशिष्ट पेशींनाही याच एका पदाने ओळखले जाते. स्वरचिन्हे गळणे आणि उच्चार बदलणे ही वरवरची झीज होय. वडिलांकडील पद गळणे ही अर्थाची हानी होय.

यावर असा आक्षेप येईल की, पिकासो आणि लोर्का हेदेखील मातृनामेच आहेत. आक्षेप रास्त आहे. परंतु तेथील कारण निराळे आहे. पाब्लो रुइस पिकासो याने आपल्या चित्रांवर ‘पिकासो’ ही सही स्वतःच पत्करली. फेदेरिको गार्सिआ लोर्का याच्या बाबतीत ‘गार्सिआ’ हे स्पेनमधील सर्वाधिक प्रचलित आडनाव असल्याने विरळ असलेले मातृनाम स्पॅनिश भाषकांतच रूढ झाले. पहिली त्या व्यक्तीची निवड, दुसरी त्या भाषेतील रूढी. ‘मार्केस’ या एकाच पदाने होणारा उल्लेख मात्र प्रामुख्याने परक्या नियमाच्या आरोपातून आला आहे.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ शिष्टाचारापुरते नाही. एकाच संशोधकाचे लेखन एका सूचीत पितृनामाखाली आणि दुसऱ्या सूचीत मातृनामाखाली विखुरले, तर शोधणाऱ्यास त्यातील अर्धेच हाती लागते. हे टाळण्यासाठी इंग्रजीत लिहिणारे अनेक स्पॅनिश भाषक संशोधक आपली दोन्ही आडनावे संयोगचिन्हाने जोडतात. परकीय वाचकासाठी स्वतःच्या नावाचे व्याकरण त्यांना असे उघड करून दाखवावे लागते.

मराठी अभ्यासकापुढे हा धोका दुहेरी आहे. ही नावे त्याच्यापर्यंत बहुधा इंग्रजीच्या द्वारे येतात. शिवाय नाव, वडिलांचे नाव, आडनाव या त्याच्या स्वतःच्या क्रमामुळे मधले पद हे वडिलांचे व्यक्तिनाम असावे असे त्यास सहज वाटते. म्हणून संदर्भ देताना दोन्ही आडनावे लिहावीत व वर्णानुक्रम पहिल्यावरून लावावा. ती व्यक्ती किंवा तिची भाषा यांनी वेगळे रूप पत्करले असेल तरच अपवाद करावा. नाव कोणत्या भाषेतून हाती आले यापेक्षा ते कोणत्या भाषेत घडले, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.